प्रोग्रॅम रचायला शिकताना

रोजच्या पावसाचे आकडे मिलिमीटरमध्ये एकामागून एक दिले जातील. ९९९९९ हा आकडा आला की वाचन थांबवायचे. मध्ये एखादा आकडा ऋण आला तर तो चुकीचा समजून सोडून द्यायचा. शेवटी सरासरी सांगायची. या प्रोग्रॅमला लागते काय? एक लूप, दोन-तीन अटी, एक बेरीज, एक भागाकार. पहिल्या सत्रातल्या विद्यार्थ्याला यातला एकेक तुकडा सुटा विचारा, तो न अडखळता लिहून देईल. सगळे तुकडे एकत्र बांधायला सांगितले की मात्र गाडी अडते. कोणी ९९९९९ हा आकडाच पावसात मिळवून टाकतो. कोणी ऋण आकडा बेरजेतून वगळतो, पण दिवस मोजताना धरतो. एकही योग्य आकडा आला नाही तर शून्याने भागायची वेळ येईल, हे तर अनेकांच्या ध्यानीमनीही नसते.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एलियट सोलोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात या धर्तीच्या प्रश्नांचा बारकाईने अभ्यास केला. संगणकशिक्षणाच्या संशोधनात हा प्रश्न तेव्हापासून ‘पावसाचा प्रश्न’ म्हणूनच ओळखला जातो. सोलोवे यांच्या मांडणीचा गाभा असा की, नवखा माणूस अडतो तो भाषेच्या व्याकरणावर नाही. बेरीज साठवत जाणे, मोजत जाणे, खुणेच्या आकड्यापाशी थांबणे, नको ते गाळणे या चार स्वतंत्र योजना आहेत. अनुभवी माणसाला त्या प्रश्न वाचतानाच वेगवेगळ्या दिसतात आणि कोणती कुठे बसवायची तेही दिसते. नवख्याला दिसतो तो एक सलग प्रश्न, आणि तो पहिल्या ओळीपासून टाइप करायला लागतो.

२००१ साली मायकेल मॅकक्रॅकन यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांनी मिळून एक चाचणी घेतली. सुरुवातीचा प्रोग्रॅमिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले २१६ विद्यार्थी तीत होते. गुण ११०, आणि सरासरी पडली ती २३च्या आसपास. अहवालाने बोट ठेवले ते नेमक्या याच जागेवर: दिलेल्या मजकुरातून सोडवायचा प्रश्न वेगळा काढणे, ही पहिली पायरीच विद्यार्थ्यांना सर्वांत जड गेली. भाषा शिकवून झाली होती, प्रोग्रॅम रचायला शिकवायचे राहिले होते.

हे पुस्तक त्या राहिलेल्या भागाविषयी आहे. त्यात पायथॉन वापरली आहे, पण ते पायथॉनचे पुस्तक नाही. भाषा शिकण्यासाठी आपल्याकडे साधनांची वाण नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर इंजिनिअरिंगच्या कितीतरी तुकड्या पोसल्या गेल्या, आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने तर मराठीतूनही धडे उपलब्ध करून दिले. उणीव आहे ती पुढच्या टप्प्याची. लूप आला, फंक्शन आले, लिस्ट आली. आता दोनशे ओळींचा प्रोग्रॅम कुठून सुरू करायचा, कशाचे वेगळे फंक्शन करायचे, कोणती माहिती कुठे ठेवायची, या प्रश्नांची उत्तरे ‘सरावाने येईल’ या एका वाक्यात गुंडाळली जातात. सरावाने येते, हे खरे. पण कशाचा सराव करायचा, हे कोणीतरी सांगावे लागते.



या अडचणीतून व्यावसायिकही सुटले नव्हते. १९६८च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली. यंत्रे झपाट्याने मोठी होत होती आणि त्यांच्यासाठी लिहिलेली मोठी सॉफ्टवेअर वेळेत पुरी होत नव्हती. झाली तरी चुकांनी भरलेली असत. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्दप्रयोग या परिषदेपासून सर्वतोमुखी झाला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये एडस्गर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचे ‘गो टू’ या आज्ञेविरुद्धचे छोटेसे पत्र एसीएमच्या मासिकात छापून आले होते. त्याला आज प्रसिद्ध असलेले झणझणीत शीर्षक दिले ते संपादक निकलाउस विर्थ यांनी. डाइक्स्ट्रा यांचा मुद्दा माणसाच्या मर्यादेचा होता. कागदावरचा मजकूर आपल्याला नीट समजतो, काळाच्या ओघात घडत जाणारी प्रक्रिया मात्र डोळ्यांपुढे आणणे जड जाते. म्हणून कागदावरचा क्रम आणि यंत्रात घडणारा क्रम यांतले अंतर शक्य तितके कमी असावे. ‘गो टू’ने कुठूनही कुठेही उडी मारता येत असल्याने ते अंतर वाढते. कोणताही प्रोग्रॅम क्रम, निवड आणि पुनरावृत्ती एवढ्या तिघांवर उभा राहू शकतो, हे बोम आणि याकोपिनी या दोघांनी १९६६मध्येच दाखवून दिले होते.

पायथॉनमध्ये ‘गो टू’ मुळातच नाही. आजचा विद्यार्थी त्या वादाचे फळ फुकटात खातो. तरीही गुंता करायला वाव भरपूर उरतो. एकाच फंक्शनमध्ये दोनशे ओळी, कुठूनही बदलता येणारी ग्लोबल व्हेरिएबल्स, एकात एक अशा सहा अटी: उड्या न मारताही वाचणाऱ्याची वाट चुकते.

विर्थ यांनी १९७१मध्ये पायरीपायरीने तपशिलात जाण्याची पद्धत मांडली. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर एकमेकांच्या माऱ्यात येणार नाहीत असे बसवायचे, हे त्यांचे उदाहरण. आधी सगळा उपाय दोन-चार वाक्यांत लिहायचा. मग प्रत्येक वाक्य पुन्हा दोन-चार वाक्यांत फोडायचे. असे करत भाषेला थेट कळणाऱ्या आज्ञांपर्यंत उतरायचे. प्रत्येक पायरीवर काही निर्णय घ्यावे लागतात आणि चुकला तर तेवढाच निर्णय मागे घेता येतो. नवशिक्याच्या हाती देण्यासारखे याहून सोपे हत्यार मला माहीत नाही.

पण फोडायचे कुठे? या प्रश्नाचे उत्तर डेव्हिड पार्नास यांनी १९७२मध्ये दिले, आणि माझ्या मते या विषयावरचा तो सर्वांत महत्त्वाचा लेख आहे. त्यांनी एक लहान प्रोग्रॅम घेतला. त्यात ओळी वाचायच्या, प्रत्येक ओळीतले शब्द गोलाकार फिरवून नव्या ओळी तयार करायच्या, त्या वर्णक्रमाने लावायच्या आणि छापायच्या. याचे तुकडे त्यांनी दोन पद्धतींनी पाडले. पहिली पद्धत आपल्या सर्वांना सुचते तीच: वाचणे, फिरवणे, लावणे, छापणे. जशा पायऱ्या, तसे भाग. दुसऱ्या पद्धतीत त्यांनी विचारले, यातले कोणते निर्णय उद्या बदलण्याजोगे आहेत? ओळी मेमरीत कशा साठवायच्या, हा एक. क्रम आधीच लावून ठेवायचा की मागितल्यावर लावायचा, हा दुसरा. असा एकेक निर्णय एकेका भागात कोंडून ठेवायचा आणि बाकीच्यांना त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. चालताना दोन्ही प्रोग्रॅम सारखेच उत्तर देतात. फरक कळतो तो बदल आल्यावर. साठवण्याची पद्धत बदलली की पहिल्या रचनेत सगळे भाग उघडावे लागतात, दुसऱ्या रचनेत एक.

या पुस्तकाचे सूत्र तिथून आले आहे: रचनेची परीक्षा प्रोग्रॅम चालला की नाही यावर होत नाही, बदल आल्यावर किती ठिकाणी हात घालावा लागतो यावर होते.



हे सूत्र आपल्या वर्गात का रुजत नाही? प्रॅक्टिकलचे जर्नल उघडून पाहावे. उद्दिष्ट, अल्गोरिदम, फ्लोचार्ट, प्रोग्रॅम, आउटपुट असा क्रम त्यात ठरलेला असतो, आणि कागदावर तो क्रम निर्दोष आहे. प्रत्यक्षात मुले आधी प्रोग्रॅम चालवून घेतात आणि सबमिशनच्या आदल्या रात्री त्यावरून फ्लोचार्ट काढतात. आराखड्याची पाने भरली जातात, आराखडा मात्र झालेला नसतो. यात केवळ आपल्याच मुलांना दोष देण्याचे कारण नाही. आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रकल्पाचे नेतृत्व केलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५मधल्या आपल्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्ये हेच म्हणून ठेवले आहे. सराईत प्रोग्रॅमर तपशीलवार फ्लोचार्ट आधी काढत नाहीत, आणि जिथे नियमाने तो द्यावाच लागतो तिथे तो बहुतेक वेळा मागाहून काढला जातो.

पण याच ब्रुक्सचा अनुभवाचा हिशेबही लक्षात ठेवावा. एकूण वेळेपैकी एक तृतीयांश आखणीला, एक षष्ठांश कोड लिहायला आणि उरलेला निम्मा तपासणीला. परीक्षेच्या हॉलमध्ये आपण गुण देतो ते मात्र त्या एक षष्ठांशाला. व्हायवात एक्स्टर्नल विचारतात, ‘व्हाइल आणि डू-व्हाइलमध्ये फरक काय?’ हे फंक्शन वेगळे का काढले, असे क्वचितच विचारले जाते.

मग फ्लोचार्टच्या जागी काय ठेवायचे? २००१ साली ‘हाउ टू डिझाइन प्रोग्रॅम्स’ या पुस्तकात माथियास फेलायझेन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी फंक्शन लिहिण्याची एक पायरीबद्ध कृती दिली. माहिती कोणत्या रूपात येणार ते ठरवा. फंक्शन काय घेईल, काय देईल आणि कशासाठी आहे, ते एका वाक्यात लिहा. दोन-चार उदाहरणे हाताने सोडवा. माहितीच्या रूपावरून फंक्शनचा सांगाडा मांडा. मग आतला मजकूर भरा. शेवटी तीच उदाहरणे चालवून पाहा. कोड लिहिणे येते ते पाचव्या पायरीवर. कॅथी फिस्लर यांनी २०१४मध्ये पावसाचा जुना प्रश्न या वळणाने शिकलेल्या विद्यार्थ्यांना दिला, तेव्हा आधीच्या अभ्यासांच्या तुलनेत त्यांच्या चुका बऱ्याच कमी निघाल्या. अर्थात त्यांची भाषाही वेगळ्या धाटणीची होती, हे विसरून चालणार नाही. सोलोवे यांनाही आढळले होते की लूपच्या मधून बाहेर पडण्याची सोय भाषेने दिली, तर ‘आधी वाच, मग तपास, मग मिळव’ हा माणसाचा स्वाभाविक क्रम कोडमध्ये उतरतो आणि चुका घटतात. पायथॉनमध्ये ‘ब्रेक’ने ती सोय आहे.

उदाहरणे आधी हाताने सोडवण्यावर या पुस्तकाचा सर्वाधिक भर आहे. पावसाच्या प्रश्नात तीन उदाहरणे पुरतात. १०, २०, ९९९९९ दिले तर उत्तर १५. १०, –५, २०, ९९९९९ दिले तरी १५च. आणि नुसते ९९९९९ दिले तर? इथे पेन थांबते. उत्तर शून्य म्हणायचे, की ‘नोंद नाही’ असे सांगायचे? दोन्हींचे अर्थ वेगळे आहेत: पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, या दोन भिन्न गोष्टी. हा निर्णय पायथॉन घेऊ शकत नाही, तो कोड लिहिण्यापूर्वी माणसाने घ्यायचा असतो. शून्याने भागण्याची जी चूक पुष्कळांकडून होते, ती तिसरे उदाहरण लिहिणाऱ्याकडून सहसा होत नाही.



पुस्तकातले मोठे उदाहरण महिला बचत गटाच्या हिशेबाचे आहे. ते निवडण्याचे कारण एवढेच की नियम सर्वांना समजतात आणि ते बदलत राहतात. दरमहा प्रत्येक सभासदाची ठरलेली बचत, उशीर झाला तर दंड, गटातून घेतलेले कर्ज, त्यावर समजा दरमहा शेकडा दोन व्याज, आणि महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवायचा ताळेबंद.

पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण एक सलग प्रोग्रॅम लिहितात. नाव विचारायचे, रक्कम विचारायची, तिथेच व्याज काढायचे, तिथेच छापायचे. तो चालतो. मग गट ठराव करतो की जूनपासून व्याज दीड टक्का, जुन्या महिन्यांना जुनाच दर. आता दोन हा आकडा प्रोग्रॅमभर शोधत फिरावे लागते, आणि त्यातला कोणता दोन व्याजाचा आणि कोणता दुसऱ्याच कशाचा, हेही ओळखावे लागते.

पार्नास यांचा प्रश्न इथे विचारून पाहू. बदलण्याजोगे काय आहे? व्याजाचा आणि दंडाचा नियम. नोंदी ठेवण्याची जागा: आज साधी फाइल, उद्या डेटाबेस. ताळेबंदाची मांडणी: आज पडद्यावर, उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला. झाले तीन भाग. व्याज काढणारे फंक्शन मुद्दल आणि महिना घेते आणि रक्कम परत देते. ते कोणाला काही विचारत नाही, काही छापत नाही. म्हणूनच ते पाच उदाहरणांवर एका क्षणात तपासता येते. मोजणे वेगळे आणि विचारणे-छापणे वेगळे, ही एक शिस्त अंगी बाणली तरी नवशिक्याच्या प्रोग्रॅमचे रूप पालटते. दुसरी खूणगाठ फंक्शनच्या नावाची. ‘व्याज काढ’ हे नाव ठीक. ‘व्याज काढ आणि पावती छाप’ असे म्हणावे लागत असेल, तर ती दोन फंक्शने आहेत.

याच उदाहरणात माहितीच्या रूपाचा प्रश्नही येतो. सभासदाची शिल्लक साठवून ठेवायची की प्रत्येक वेळी नोंदींवरून काढायची? साठवली तर नोंद दुरुस्त करताना शिल्लकही दुरुस्त करायला लागते, आणि एक विसरले की दोन उत्तरे तयार होतात. लहान गटाच्या हिशेबात नोंदींवरून काढणेच सुरक्षित. रक्कम दशांशात ठेवायची की पैशांत, पूर्णांकात? पायथॉनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते, कारण दशांशातले हे अपूर्णांक यंत्राच्या द्विमान पद्धतीत नेमके मावत नाहीत. हिशेब पैशांत ठेवला की बेरजा-वजाबाक्यांपुरता हा प्रश्न मिटतो. व्याजात अर्धा पैसा आला तर तो कुणीकडे वळवायचा, एवढा नियम ठरवायचा उरतो. असे निर्णय आधी कागदावर आले तर त्यांना चार वाक्ये लागतात. मागाहून सुचले तर निम्मा प्रोग्रॅम उकलावा लागतो.

या सगळ्याचा अतिरेकही होतो, आणि तो हुशार विद्यार्थ्यांकडून अधिक होतो. क्लास आणि इनहेरिटन्स नुकते शिकलेला मुलगा पावसाच्या सरासरीसाठीही चार क्लास मांडतो. कधीच न येणाऱ्या बदलांची तजवीज करण्यात संध्याकाळ घालवतो. रचनेलाही किंमत पडते. प्रत्येक नवा भाग म्हणजे वाचणाऱ्याला उघडावे लागणारे आणखी एक दार. वीस ओळींचा, एकदाच वापरून टाकायचा प्रोग्रॅम सलग लिहिला तर काही बिघडत नाही. आराखडाही एकदा काढून कुलूपबंद करायचा नसतो. लिहिता लिहिता प्रश्न अधिक समजतो, आणि समज बदलली की आराखडा बदलायचा. ब्रुक्स यांनी १९७५मध्ये, पहिली आवृत्ती टाकूनच द्यावी लागणार, तर तशी योजनाच करा, असा सल्ला दिला होता; वीस वर्षांनी, १९९५च्या आवृत्तीत, थोडे थोडे वाढवत आणि सुधारत जाणेच बरे, असे सांगून त्यांनी तो मागे घेतला.



आता एक रास्त शंका. कोड लिहून देणारी एआय साधने हाताशी असताना हा खटाटोप कशाला? पावसाचा प्रश्न त्यांना विचारला तर क्षणात बरोबर प्रोग्रॅम येतो. बचत गटाचाही येतो. पण दंड व्याजाआधी वसूल करायचा की नंतर, मधल्या महिन्यात कर्ज फेडले तर व्याज किती दिवसांचे, सभासद गट सोडून गेली तर काय, यातले तुम्ही जे सांगितले नाही ते साधन स्वतः गृहीत धरते, आणि बऱ्याचदा तसे केल्याचे बोलून दाखवत नाही. हिशेब चुकला तर बैठकीत उत्तर द्यायला ते येणार नाही. ब्रुक्स यांच्या हिशेबातला एक षष्ठांश भाग स्वस्त झाला, असे फार तर म्हणता येईल. उरलेले पाच भाग, म्हणजे काय हवे ते ठरवणे आणि जे मिळाले ते तपासणे, माणसाकडेच आहेत. ज्याला रचना वाचता येत नाही, त्याला न लिहिता मिळालेल्या हजार ओळी म्हणजे ओझेच.

आणि हे सगळे मराठीत का? आराखडा वाक्यांत असतो. ‘ऋण आकडा आला तर तो बेरजेतही धरू नये आणि मोजणीतही’ हे वाक्य ज्या भाषेत स्वच्छ सुचते, त्याच भाषेत ते आधी लिहावे. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयात तालुक्याच्या गावाहून आलेली मुलगी प्रश्न इंग्रजीत वाचते, विचार मराठीत करते आणि आराखडा मोडक्या इंग्रजीत लिहिते. मधल्या या कसरतीत अट निसटते. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून व्हेरिएबल आणि फंक्शनची नावे देवनागरीतही देता येतात. नोकरीतल्या कोडमध्ये ती चालणार नाहीत, तेव्हा इंग्रजी नावांची सवय लागेल तितकी लावावीच. पण शिकताना ‘सरासरी_काढ’ असे फंक्शन लिहिण्याला यंत्राची हरकत नाही, शिक्षकांचीही नसावी.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात प्रश्न वाचणे, माहितीचे रूप ठरवणे आणि उदाहरणे सोडवणे. संगणक त्यात जवळजवळ लागत नाही. दुसऱ्यात फंक्शन. तिसऱ्यात अनेक फंक्शनांची मॉड्यूल्समध्ये वाटणी. चौथ्यात आधीच्या तीन भागांतल्या प्रोग्रॅमवर येणारे बदल. दुसऱ्या भागापासून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी नवा प्रश्न देण्याऐवजी जुन्याच प्रश्नातली एक अट बदलली आहे. आपण लिहिलेलाच प्रोग्रॅम घेऊन ती अट बसवायची, आणि किती जागी हात घालावा लागला ते समासात टिपायचे.

शिक्षकांना विनंती एवढीच की, यातले एखादे उदाहरण वर्गात घ्याल तेव्हा चालणाऱ्या प्रोग्रॅमला निम्मेच गुण ठेवा. उरलेले निम्मे, एक अट बदलून दहा मिनिटांत दुरुस्ती करायला सांगून द्या. विद्यार्थ्यांना सांगायचे ते असे: प्रकरणे उड्या मारत वाचू नका, आणि उत्तरे शेवटी दिली असली तरी हाताने सोडवलेली तीन उदाहरणे वहीत उतरल्याशिवाय ती पाने उलटू नका. तेवढे केलेत, तर भाषा पायथॉन असो वा पुढे येणारी दुसरी कोणतीही, हे काम पुन्हा शिकावे लागणार नाही.